तुतीच्या सावलीतला कूलर

एर्मोसियो,
शनिवार, ८ मार्च

प्रिय देल्फिना,

काल सकाळी तुझ्या खोलीतल्या काचपट्टीवर तुतीच्या परागाचा एकही कण सापडला नाही. सलग सहावा दिवस. हे मी माझ्या मनाचं सांगत नाही. विद्यापीठात पराग मोजण्याचं काम करणाऱ्या यादिराने ती पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली दोनदा तपासली आणि तारीख घालून, सही करून कागद दिला. मी म्हटलं, शिक्कापण मार. ती म्हणाली, "मिस्त्री, पराग मोजलाय, जमिनीचं खरेदीखत नाही केलेलं." तो कागद आता फ्रिजच्या दारावर, आईच्या रक्तदाबाच्या गोळ्यांच्या वेळापत्रकाशेजारी चिकटवला आहे. येणारा-जाणारा प्रत्येक जण तो वाचतो, कारण वाचल्याशिवाय आई कॉफी देत नाही.

तेव्हा आता उघडच लिहितो. एकोणीस तारखेला तुझी आई सत्तर वर्षांची होते. गेल्या बत्तीस वर्षांत तिच्या एकाही वाढदिवसाला तू घरी नव्हतीस. उन्हाळ्यात आम्ही तुझ्याकडे एन्सेनादाला येतो, डिसेंबरात तू इकडे येतेस; पण दोनच दिवस, आणि तेही स्टँडजवळच्या हॉटेलात उतरून, खिशात दम्याचा पंप ठेवून. आईने त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. फक्त दर एकोणीस मार्चला केक कापायच्या आधी ती एकदा दाराकडे बघते. मी बत्तीस वेळा ते पाहिलं आहे. यंदा तू आमच्या नातीला, इलिआनाला घेऊन यावंस, ऐन तुतीच्या दिवसांत यावंस, आणि तुझ्या स्वतःच्या खोलीत झोपावंस, एवढ्यासाठी जानेवारीपासून मी आणि अर्धीअधिक गल्ली कामाला लागलो आहोत. तू अजून "येते" म्हणाली नाहीस, "बघू" म्हणालीस. ते योग्यच आहे. श्वास तुझा आहे, त्याची जोखीम घ्यायची की नाही हे तूच ठरवायचंस. पण ठरवण्याआधी इकडे काय काय झालं ते तुला नीट कळावं.

जानेवारीत तू फोन केला होतास, आठवतंय ना. तुझ्या नव्या डॉक्टरीणबाईंनी हातावर चाळीस ठिकाणी सुया टोचून पाहिल्या, त्याची गंमत सांगत होतीस. धुळीची जागा सपाट, मांजराची सपाट, मेस्किटच्या झाडाची जरा लाल, आणि तुतीची मात्र तव्यावरच्या तोर्तियासारखी टम्म फुगली. तू हसत म्हणालीस, "बाबा, आपल्या अंगणातलं झाडच चोर निघालं. पण तोडू नका हं त्याला, माझा झोका होता त्यावर." आणि मी म्हणालो, "आवाज तुटतोय गं," आणि फोन आईकडे दिला. त्या दिवशी आवाज अगदी स्वच्छ येत होता. फोन का दिला ते पुढे सांगतो, आधी बाकीचं.

लहानपणी तुला दवाखान्यात नेलं तेव्हा काय सांगितलं होतं डॉक्टरांनी? वाळवंटाची धूळ. मुलीला समुद्रावर पाठवा. आम्ही ऐकलं. आईचा वाढदिवस आठ दिवसांवर होता आणि तिनेच तुझी पेटी भरली. एन्सेनादाच्या लिओनिला आत्याने तुला पोटच्या पोरीसारखं वाढवलं, त्याबद्दल मी आयुष्यभर तिच्यापुढे मान खाली घालतो, हे तुला माहीत आहे. पण मनात नेहमी एक कोडं असायचं. कोपऱ्यावरच्या कासिमिराबाईंचे वडील दम्यासाठीच पार डोंगरातून इकडे राहायला आले होते, कारण इथली हवा कोरडी, छातीला चांगली. आणि म्हातारा नव्वद वर्षं जगला, शेवटपर्यंत बिड्या ओढत. मग त्याच हवेत माझी नऊ वर्षांची मुलगी भिंतीला टेकून बसल्या बसल्या का झोपायची? आता कळतंय. तो आला तेव्हा या गल्लीत एकही तुती नव्हती.

त्या तुती कुणी आणल्या हे मात्र मला कुणाला विचारावं लागत नाही. मीच. कूलरच्या धंद्यात पहिला नियम हा की कूलर उन्हात ठेवायचा नाही. उन्हातला कूलर पाणी पितो आणि गरम वारा फेकतो. सावलीतला अर्ध्या पाण्यात खोली गार करतो. मग ज्याच्या घरी कूलर बसवायचो त्याला सांगायचो, शेजारी तुती लावा, चार वर्षांत छप्परभर सावली. आणि नर झाडच घ्या. मादीला फळं लागतात, फरशीवर जांभळे डाग पडतात, वाळत घातलेल्या चादरी खराब होतात. नराचं काही पडत नाही, स्वच्छ झाड. 'स्वच्छ झाड' हे माझे शब्द आहेत, देल्फिना. गल्लीतल्या चौदा घरांसमोर चौदा नर तुती उभ्या आहेत आणि चौदाही माझ्या शब्दावर लागल्या. नराचं काही पडत नाही, ते सगळं उडतं, हे सांगायला मला एकाहत्तरावं वर्ष उजाडावं लागलं.

आता यादिरा. विद्यापीठाच्या गच्चीवरचे कूलर अकरा वर्षं माझ्याकडे आहेत. तिथे एका खांबावर एक पत्र्याची डबी बसवलेली आहे, वाऱ्याबरोबर गरगर फिरते. मला वाटायचं पाखरं हाकलायला असेल. दर मंगळवारी काम करताना मी घामाचा रुमाल तिच्यावर वाळत घालायचो. तुझा फोन आला त्याच्या दुसऱ्या मंगळवारी एक मुलगी पांढऱ्या डगल्यात वर आली, रुमालाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे तो तुम्ही." ती डबी हवा ओढून परागकण काचेवर चिकटवते. दोन वर्षं दर मंगळवारी तिच्या काचेवर निळे सुती धागे सापडत होते आणि ते कुठल्या झाडाचे हे तिने तीन शहरांत पत्रं पाठवून विचारलं होतं. मी माफी मागितली. मग तिथेच पाण्याच्या टाकीवर बसून तिला तुझं सगळं सांगितलं. कुणाला इतकं सांगायची मला सवय नाही, पण तिचा रुमालाचा राग अजून गेला नव्हता आणि मला वाटलं, ही खरं बोलेल.

ती खरं बोलली. तुमचं एक झाड तोडून काही होणार नाही, बाकीची तेरा पुरतील, म्हणाली. आणि चौदा झाडं तोडायची तर पन्नास अंशांच्या उन्हात सगळी गल्ली तुम्हाला शोधत येईल. पण तुतीचा फुलोरा गेल्या वर्षीच्या फांद्यांवर येतो. त्या फांद्याच खुंटापर्यंत छाटल्या तर यंदा फुलोरा अगदी थोडा येईल आणि एप्रिलपर्यंत पानं पुन्हा फुटतील, सावली परत. फक्त कळ्या उमलायच्या आत झालं पाहिजे. मी विचारलं, किती दिवस आहेत? ती म्हणाली, तीन आठवडे. मी त्या दिवशी उरलेले दोन कूलर न बघताच घरी आलो.

मग मी दारोदार फिरलो. आपण होऊन तेरा दारं वाजवायची आणि "माझं चुकलं" म्हणायचं, हा व्यायाम या वयात करून बघण्यासारखा आहे. कुणी म्हणालं, "मिस्त्री, आधी लावा लावा म्हणून डोकं खाल्लंत, आता काढा काढा म्हणून खाताय, मधली पस्तीस वर्षं तेवढी सुखाची गेली." मी सांगितलं, जो छाटू देईल त्याच्या कूलरचे पॅड यंदा मी बदलून देईन, पंप साफ करीन, पट्टा ताणून देईन. त्यावर शेजारचा रोसेंदो न्हावी म्हणाला, "पॅड राहू दे. देल्फिनाचे पहिले केस मी कापलेत, मला विचारायचं काय असतं त्यात." दुसऱ्या दिवशी तो सकाळी सातला करवत घेऊन आला, सोबत दुकानातली पांढरी चादर. आपल्या अंगणातल्या झाडाच्या बुंध्याला ती चादर गळ्याशी बांधतात तशी बांधली, मागे सरून बघितलं आणि झाडाला विचारलं, "बाजूने बारीक आणि वर मध्यम?" आई शिडी धरून उभी होती, ती हसून हसून शिडी हलवायला लागली, मी वर होतो. त्यानंतर तिने मला वर चढू दिलं नाही. रोसेंदो कापायचा, मी खालून बोट दाखवायचो, आणि आई आम्हा दोघांना सांगायची की आम्ही चुकीची फांदी धरली आहे.

अकरा दिवसांत तेरा तुतींचं मुंडण झालं. राहिली कासिमिराबाईंची. तुला तिथला बाक आठवत असेल, शाळेतून येताना गूळ भरलेली कोयोता खायला बसायचीस तो. अजून तोच बाक, तीच भट्टी, तीच बाई, फक्त आवाज दुप्पट झालाय. म्हणाल्या, "माझं गिऱ्हाईक सावलीला येतं, कोयोता निमित्त. उन्हात बसवलं तर आतला गूळ वितळून त्यांच्या मांडीवर येईल, मग मांडी चाटत बसतील का? निकानोर, तू कूलरवाला आहेस, तुला गारव्याचं काय सांगायचं." मी चार वेळा गेलो. चौथ्या वेळी त्यांनी मला कोयोता फुकट दिली आणि झाडाबद्दल अवाक्षर काढायचं नाही म्हणून बजावलं. दिवस सहा उरले होते. यादिराने येऊन त्या झाडाच्या कळ्या बघितल्या, तांदळाएवढ्या झाल्या होत्या. कासिमिराबाईंची तुती आपल्या घराकडे येणाऱ्या वाऱ्याच्या तोंडाशी आहे. ती फुलली असती तर बाकीच्या तेरांचं छाटणं वाया होतं.

मग आई उठली. कपाटाच्या वरच्या खणातून तिने एक गाठोडं काढलं. मी ते इतक्या वर्षांत उघडलेलं पाहिलं नव्हतं. तुझ्या पंधराव्या वाढदिवसासाठी तिने हिरव्या जाड कापडाचा मांडव शिवला होता, कडेने पांढरी झालर, अंगणात चाळीस माणसं बसतील एवढा. तुझा वाढदिवस फेब्रुवारीच्या शेवटी. तेव्हा तू येऊ शकली नाहीस, सोहळा एन्सेनादालाच झाला, तिथल्या भाड्याच्या हॉलला छप्पर होतं. मांडव इथेच राहिला. आईने तो डोक्यावर घेतला आणि कोपऱ्यावर चालत गेली, मी मागे. बाकावर ठेवला आणि म्हणाली, "पानं फुटेपर्यंत हा बांध. पोरीसाठी शिवलेला आहे, सावली जाड पडते." कासिमिराबाईंनी झालरीचा टाका बोटाने चाचपून पाहिला. बराच वेळ पाहिला. मग म्हणाल्या, "चेपिना, हा हाताने घातलाय सगळा?" आई म्हणाली, मशीन बंद होतं तेव्हा. कासिमिराबाई माझ्याकडे वळल्या, "तू काय तोंड बघत उभा राहिलायस? आण की करवत." आता त्या मांडवाखाली गिऱ्हाईक दुप्पट झालंय आणि एप्रिलनंतर तो परत मिळेल की नाही याची मला शंका आहे.

इथवर मला वाटत होतं काम झालं. वीस फेब्रुवारीला यादिराने तुझ्या खोलीत, खिडकी बंद करून, व्हॅसलीन लावलेली पहिली काचपट्टी ठेवली. दुसऱ्या दिवशी मोजली. एकशे त्र्याण्णव कण. बाहेर चौदा झाडं बोडकी, आणि बंद खोलीत एकशे त्र्याण्णव. माझा चेहरा बघून ती सरळ घरी आली, खोलीच्या मध्यावर उभी राहिली आणि वर बघून म्हणाली, "मिस्त्री, ही जाळी कुठून येते?" ती जाळी कूलरच्या डक्टची होती, आणि कूलर छपरावर, तुतीच्या अगदी फांद्यांत, जिथे सगळ्यात गार सावली तिथे बसवलेला. मी जाळी काढली आणि डक्टवर थाप मारली. पिवळट भुकटी पडली, वाडगाभर. दर मार्चमध्ये झाड झटकायचं, कूलर ओढायचा, डक्ट साठवायचा. आणि आपला कूलर गल्लीत सगळ्यांच्या आधी, एक मार्चला सुरू व्हायचा, आठवतं? मला त्याचा अभिमान होता. तोच माझा जाहिरातीचा फलक होता: कूलरवाल्याच्या घरी बघा, कसा गार वारा.

डक्ट मी स्वतः कापून काढला. भोक बुजवलं, रंग दिला. पण मग तुझी खोली गार कशाने करायची? बाहेरची हवा आत न घेता आतलीच गार करणारं यंत्र एकच असतं, आणि त्याचं नाव या घरात पंचेचाळीस वर्षं कुणी मोठ्याने घेतलेलं नाही. मी बाजाराच्या पलीकडच्या टोकाच्या दुकानात गेलो, जिथे मला कुणी ओळखत नाही, आणि एसी विकत घेतला. बिलावर नाव विचारलं तेव्हा आईचं सांगितलं. तरी बसवायला आलेला माणूस दारात थबकला; त्याच्या बापाला कूलरचा पट्टा बदलायला मी शिकवलं होतं. तासाभरात गल्ली जमली. रोसेंदोने छपरावरच्या जुन्या कूलरला काळी फीत बांधली आणि टोपी काढून उभा राहिला. "बिचारा शेवटपर्यंत राबला," म्हणाला, "आणि घरच्यांनी बघ काय केलं." कासिमिराबाईंनी दुखवट्याच्या कोयोता पाठवल्या. आई यंत्राखाली खुर्ची टाकून बसली, पाच मिनिटं डोळे मिटून, आणि मग म्हणाली, "म्हाताऱ्या, एवढी वर्षं मला ओल्या गवताचा वास देत होतास?" त्या दिवसापासून ती दुपारची झोप तुझ्या खोलीत घेते आणि म्हणते की तपासणी चालू आहे.

आईने बाकीचं घर स्वतःच्या ताब्यात घेतलं आहे. झाडू बंद, ओलं फडकं. कपडे आता अंगणात वाळत नाहीत, मागच्या पडवीत वाळतात. बाहेरून येणाऱ्याने चप्पल दारात काढायची, तोंड-हात धुवायचे, केसांवरून ओला हात फिरवायचा. पन्नास वर्षं ती पहाटे आधी फुटपाथ झाडायची आणि मग पाणी मारायची. आता आधी पाणी. गेल्या रविवारी पाद्रीबाबा आले, त्यांनाही तिने नळाकडे पाठवलं. ते ओल्या तोंडाने आत येत म्हणाले, "चेपिना, बाप्तिस्मा द्यायचं काम माझं आहे ना?" ती म्हणाली, "तुम्ही पापं धुवा, पराग मी बघते." या सगळ्यानंतर पट्टीवरचा आकडा उतरायला लागला. चाळीस, अकरा, चार, आणि दोन मार्चपासून काही नाही. चाराचं शून्य झालं तेव्हा यादिराने मला फोन केला आणि मी रस्त्यात होतो. गाडी तशीच घराकडे वळवली. मग घरी पोचलो तर आईला आधीच कळलं होतं, रोसेंदोलाही, आणि त्याच्या दुकानात अर्धवट दाढी केलेल्या माणसालाही.

आता जे यादिराने तुला सांगायला सांगितलंय ते जसंच्या तसं लिहितो, कारण ती म्हणाली, "मिस्त्री, आनंदात तुम्ही अर्धं विसराल." खोलीत शून्य म्हणजे गल्लीत शून्य नव्हे. शहरात आणखी तुती आहेतच. नाकात मारायचं औषध हे पत्र मिळेल त्याच दिवशी सुरू कर, तुझ्या डॉक्टरीणबाईंना विचारून. पंप पिशवीत नको, हातात ठेव. सकाळी खिडकी उघडायची नाही. वारा सुटला तर त्या दिवशी घरातच पत्ते खेळू. बाहेरून आलीस की आंघोळ, केस धुऊन. रस्त्याच्या कडेला पिवळीजर्द फुललेली झाडं दिसतील, त्यांना घाबरू नकोस. ज्यांची फुलं डोळ्यांत भरतात त्यांचा पराग जड असतो, मधमाश्या नेतात. त्रास देतात ती ज्यांची फुलं कुणाला दिसतही नाहीत. मेस्किटचा फुलोरा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होईल. म्हणजे अठरा ते चोवीस मार्च हे सगळ्यात बरे दिवस. आणि एवढं सगळं करून छाती भरली तर तासाभराच्या आत मी तुला स्वतः किनाऱ्याला नेईन. गाडीत पेट्रोल भरून ठेवलं आहे, टायर नवे आहेत. आईला मी हेही सांगितलं आहे, म्हणजे तू गेलीस तर ती रडणार नाही. निदान तुझ्यासमोर तरी.

आता फोनचं. हे पत्र खरं त्यासाठीच आहे. बाकीचं सगळं यादिराच्या कागदावर मावलं असतं. तू सहा वर्षांची झालीस आणि तुला वेगळी खोली दिली, तेव्हा तो डक्ट मी फीत लावून मोजून बसवला होता. जाळी बरोबर तुझ्या उशीवर यावी म्हणून. घरातला पहिला गार वारा तुला मिळावा म्हणून. दुपारी झोपताना तू उशी पायथ्याला न्यायचीस, भिंतीकडे तोंड करायचीस. मला वाटायचं, पोर झोपेत फिरते. मी आत यायचो, तुला अलगद उचलायचो आणि परत वाऱ्याखाली ठेवायचो. तीन वर्षं, जवळजवळ रोज. तू फोनवर 'तुती' म्हणालीस आणि मला ती उशी दिसली. सहा वर्षांच्या मुलीला कळत होतं आणि एर्मोसियोतल्या सगळ्यात जुन्या कूलरवाल्याला कळत नव्हतं. यादिरा म्हणते तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. असेल. पण तू येशील, छताकडे बघशील, तिथे नव्या रंगाचा चौकोन दिसेल, आणि माझ्याआधी तो चौकोन तुला सांगेल, हे मला नको होतं. हे वाचून तुला यावंसं वाटलं नाही तर तसं कळव, मी आईला समजावेन. आत्ताच तिला इथवरचं पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तिला पाठव ते. आणि लिही की मी केक तीन मजल्यांचा सांगितलाय, आम्हा दोघांना संपणार नाही." पत्र सोमवारी कुरियरने निघेल, गुरुवारी तुझ्या हातात पडेल. एन्सेनादाची बस मंगळवारी, अठराला, सकाळी सव्वादहाला इथे लागते. मी साडेनऊपासून तिथे असेन, तोंड धुऊन. तुझा पलंग सध्या खोलीच्या मधोमध उभा आहे. आई त्याला अडखळते आणि मला बोलते, पण मी तो भिंतीला लावलेला नाही. तू आलीस की कुठे ठेवायचा ते सांग. यावेळी तो तू म्हणशील तिथेच राहील.

एक जागा मोकळी ठेवून बसलेला,
तुझाच
बाबा